मिशनवर निघालेल्या मुलांना पहिले वर्ष मोकळे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर जवळ आला की वसईपासून गोव्यापर्यंतच्या धर्मग्रामांत मिशन रविवारची तयारी सुरू होते. त्या महिन्यातला शेवटून दुसरा रविवार जगभर मिशनकार्यासाठी पाळला जातो; तसे १९२६ मध्ये ठरले. याच सुमारास परदेशी निघालेल्या तरुण फादरांचे, ब्रदरांचे आणि सिस्टरांचे निरोप समारंभही होतात. शाल येते, श्रीफळ येते, पाकीट येते आणि छायाचित्रही छापून येते. विमान उतरल्यावर त्या पंचविशीतल्या मुलाचे किंवा मुलीचे काय होते, हे मात्र घरच्यांनाही नीट कळत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही फक्त टांझानिया, केनिया आणि युगांडा या तीन देशांपुरते. इतर ठिकाणची गणिते वेगळी असतात.

आमचे मागणे एकच आहे. पहिल्या वर्षी या मुलांकडून काम मागू नका. पाठवणाऱ्या संस्थेने मागू नये, तिथल्या पॅरिशने, म्हणजे धर्मग्रामाने, मागू नये आणि घरच्यांनी ‘मग तिकडे काय काय केलंस?’ असे विचारू नये. ते वर्ष भाषेचे आणि अंगात हवापाणी मुरण्याचे असते. मुदतीआधी परतणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची श्रद्धा शाबूत असते, हिंमतही असते. त्यांना मोडतात त्या अर्धवट आलेली भाषा, वेळेवर न तपासलेला ताप, सांभाळता न आलेला पैसा आणि दिवसातून तीनदा वाजणारा घरचा फोन. चारही गोष्टी आधी तयारी केली तर टळणाऱ्या आहेत.

सुरुवात भाषेपासून. टांझानियात स्वाहिली सर्वत्र चालते. केनियात शहरांत आणि बाजारात चालते, पण खेड्यात म्हाताऱ्या माणसांशी बोलायला किकुयू, लुओ, कांबा अशी स्थानिक भाषा लागते. युगांडाच्या खेड्यांत स्वाहिलीचा उपयोग कमी, तिथे लुगांडा किंवा त्या भागातली बोलीच हवी. नेमणुकीचे गाव कळल्याशिवाय भाषेचे पुस्तक विकत घेऊ नये, हे म्हणूनच सांगावे लागते. टांझानियात मुसोमाजवळ मकोको इथे मिशनरींसाठी स्वाहिलीची जुनी शाळा आहे. अशा शाळेतला मूळ अभ्यासक्रम काही महिन्यांचा असतो, आणि घात तिथेच होतो. पॅरिशमध्ये माणूस कमी असतो, सुपिरिअरना, म्हणजे संस्थेच्या वरिष्ठांना, घाई असते, सहा आठवड्यांत मुलाला वर्गातून उठवून शाळेच्या हिशेबावर नाहीतर दवाखान्याच्या खरेदीवर बसवतात. ते काम इंग्रजीत भागते. दोन वर्षांनी चित्र असे दिसते की हा मुलगा फक्त इंग्रजी येणाऱ्यांशी बोलतो, आणि ज्यांच्यासाठी तो गेला त्यांच्याशी दुभाष्यामार्फत. उशिरा भाषा शिकणे शक्य असते, पण तोवर लोकांनी ‘याला आपले बोलणे कळत नाही’ असे मनाशी ठरवून टाकलेले असते.

मराठी माणसाला स्वाहिली अवघड नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर तेच व्यापारी फिरले, त्यामुळे शब्द ओळखीचे निघतात. खबर म्हणजे हबारी, हिशेब म्हणजे हेसाबू, साबण म्हणजे साबुनी, दवा म्हणजे दावा, गाडी म्हणजे गारी, विमा म्हणजे बीमा, लाख म्हणजे लाकी. ‘येईन’ या आपल्या एका शब्दात ‘मी’ आणि भविष्यकाळ दोन्ही असतात, तसेच ‘निताकुजा’मध्ये. नि म्हणजे मी, ता म्हणजे पुढचा काळ, कुजा म्हणजे येणे. ‘अलिकुजा’ म्हटले की तो आला किंवा ती आली, कारण तिथे लिंगभेद नाही. त्याऐवजी नामांचे वर्ग आहेत आणि विशेषण वर्गाप्रमाणे बदलते: एक चांगले पुस्तक ‘किटाबू किझुरी’, अनेक असतील तर ‘विटाबू विझुरी’. चांगला, चांगली, चांगले करत वाढलेल्या जिभेला हे चटकन बसते. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा.

अडते ते उच्चारात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘म’ आपण स्वर लावून म्हणतो. ‘म्टोटो’ म्हणजे मूल; आपली मुले ‘मटोटो’ किंवा ‘उमटोटो’ म्हणतात. ओठ मिटून म् क्षणभर धरायचा आणि मग टो. बैलाला किंवा गाईला ‘ङोम्बे’ म्हणतात, घराला ‘ञुम्बा’. आपल्या वर्णमालेतले ङ आणि ञ शाळेत पाठ करून आपण विसरून जातो, ते इथे रोज कामाला येतात. शिकताना ते देवनागरीतच लिहून घ्यावेत. रोमन लिपीत लिहिलेले पाहून बोलणारा मराठी मुलगा हमखास ‘न्गोम्बे’ म्हणतो. हे लाड नाहीत. एका स्वराच्या चुकीने व्यासपीठावरून अश्लील शब्द जाऊ शकतो, आणि लोक सभ्य असल्यामुळे हसत नाहीत, सुधारतही नाहीत.

नात्यांचे शब्द तर वेगळी वहीच मागतात. बाबा म्हणजे वडीलच, पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. वडीलधाऱ्या गृहस्थाला आदराने ‘काका’ म्हटले की आपण त्याला आपल्या बरोबरीला आणून बसवलेले असते. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणायचे, तो ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारतो. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर ‘सुखी राहा’ म्हणतात, तसेच हे. ‘शिकामो’ न म्हणता थेट विषयाला हात घालणारा पाहुणा कितीही शिकलेला असला तरी अडाणी ठरतो. दाराशी कडी वाजवण्याऐवजी ‘होदी’ म्हणून हाक द्यायची आणि आतून ‘कारिबू’ येईपर्यंत थांबायचे. कोणी ठेचकाळले, थकून आले, घरात आजारपण आहे असे कळले की ‘पोले’ म्हणायचे. तिथे ‘पोले’ म्हणजे माफी नव्हे, तुझ्या त्रासाची मला कल्पना आहे एवढेच. लग्न झाले आहे का, मुले आहेत का, असे प्रश्न सिस्टरांनाही विचारले जातात. उत्तर म्हणून नुसते ‘नाही’ फार कोरडे वाटते. व्रताचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येईल इतकी स्वाहिली पहिल्या दोन महिन्यांत तयार हवी.

आमचा हिशेब असा. रोज दहा नवे शब्द, प्रत्येक शब्द वाक्यात घालून वहीत. रोज संध्याकाळी अर्धा तास रेडिओवरच्या बातम्या, कळोत न कळोत. आठवड्यातून चार संध्याकाळी शेजारच्या मुलांबरोबर. मुले चूक लगेच सांगतात, मोठी माणसे सांगत नाहीत. सहा महिन्यांच्या आत प्रवचन नको. पहिले प्रवचन पाच मिनिटांचे, लिहून काढलेले, आणि कॅटेकिस्टसमोर, म्हणजे धर्मशिकवण देणाऱ्या स्थानिक सेवकासमोर, दोनदा मोठ्याने वाचून दुरुस्त केलेले असावे. पापांचा कबुलीजबाब ऐकायला त्याहून थांबावे. बोलता येण्याआधी समजावे लागते, आणि तिथे दुभाषा बसवता येत नाही.

वसईच्या मुलांना याचे उदाहरण घरातच आहे. संत गोन्सालो गार्सिया १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन मंडळींबरोबर जपानला गेले ते दुभाषा म्हणून. आधी तिथे राहून त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली होती. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, आणि आपल्या चर्चमधल्या तसबिरीत आपण क्रूस पाहतो. त्यांची भाषा आपल्या ध्यानात येत नाही. उलट दिशेचे उदाहरण थॉमस स्टीफन्स यांचे. १५७९ मध्ये हा इंग्रज तरुण गोव्यात उतरला आणि त्याचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे ध्यानी घ्यावीत, म्हणजे एक वर्ष मागणे फार वाटणार नाही.

घड्याळाचे एक सांगून पुढे जातो. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी घटका मोजत तसे. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दहा म्हणजे ‘सा न्ने’, चौथा तास. चार वाजता बैठक आहे असे समजून दुपारी पोहोचलेल्या नव्या फादरची बैठक सकाळीच उरकलेली असते. सांगितलेल्या तासात सहा मिळवायचे. वेळ स्वाहिलीत सांगितली की इंग्रजीत, हे आधी विचारायचे.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल, कारण निरोपाच्या भाषणांत ती कधीच येत नाही. आपल्या मुलाला तिथे आधी कोणी मिशनरी म्हणून ओळखत नाही. तो ‘म्हिंदी’ असतो, म्हणजे हिंदी माणूस, म्हणजे दुकानदार. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रेल्वेमार्ग बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले. व्यापारी त्यांच्या आधीपासून होते, नंतर आणखी गेले. गोव्याचे लोक कारकून म्हणून कचेऱ्यांत बसले. गोऱ्या साहेबाच्या खाली आणि स्थानिक माणसाच्या वर, अशी ती मधली पायरी होती आणि तिच्या आठवणी दोन्हीकडे कडू आहेत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, हा इतिहास फार जुना नाही. दुसरी बाजूही आहे. गोवन वंशाचे पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले आणि स्वतंत्र केनियात, फेब्रुवारी १९६५ मध्ये, नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. केनियात त्यांचे नाव आदराने घेतात. आपल्या सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, किती मुलांनी ते ऐकले आहे?

याचा व्यवहारात अर्थ असा. बाजारात भाव जास्त सांगतील, रागवू नये. रस्त्यावर मुले ‘म्हिंदी’ म्हणून ओरडतील, हात हलवून स्वाहिलीत उत्तर द्यावे. पहिल्या सहा महिन्यांत दर रविवारी शहरातल्या भारतीय कुटुंबाकडे जेवायला जाऊ नये. मोह फार होतो, कारण तिथे वरण-भात असतो आणि कोणीतरी मराठी किंवा कोंकणी बोलणारे असते. महिन्यातून एकदा जावे. दर आठवड्याला गाडी त्या फाटकात शिरताना दिसली की गाव आपला निष्कर्ष काढते. आणि घरकाम करणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढला, बोट दाखवून हुकूम सोडला, तर दुकानदार मालकाची जुनी प्रतिमा एका क्षणात आपल्यावर येऊन बसते. जातीपातीच्या आणि रंगाच्या सवयी आपण घरून नेतो, हे मान्य करून निघालेले बरे.

आजारपणाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे जीव जातो. आपल्याकडे ताप आला की क्रोसिन घेऊन दोन-तीन दिवस वाट पाहायची सवय आहे. पूर्व आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत किंवा मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. नियम सरळ आहे: ताप आला त्याच दिवशी रक्त तपासायचे, उशिरात उशिरा चोवीस तासांत. बोटाच्या थेंबावर होणारी झटपट चाचणी खेड्यातल्या दवाखान्यातही मिळते. ती नकारात्मक आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. साध्या फाल्सिपेरम मलेरियावरचे तिथले नेहमीचे औषध आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिन. प्रौढांचा पूर्ण पट्टा चोवीस गोळ्यांचा असतो: एका वेळी चार, पहिल्या डोसनंतर आठ तासांनी दुसरा, मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. चुका दोन होतात. उपाशीपोटी घेतले की औषध नीट शोषले जात नाही. दूध, शेंगदाणे, अंडे असे काहीतरी स्निग्ध पोटात हवे. आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. ताप पंधरवड्यात उलटतो. उलट्या होत असतील, बोलणे असंबद्ध झाले असेल, लघवी काळपट झाली असेल तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नये. त्या अवस्थेत शिरेतून द्यायचे औषध लागते, रात्र असली तरी गाडी काढायची.

प्रतिबंधक गोळ्या वर्षानुवर्षे कोणी घेत नाही. पहिले काही महिने कोणती घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी ठरवावे. डॉक्सिसायक्लिन घेतली तर रोज घ्यावी लागते, ऊन बाधते, आणि ती गिळून लगेच आडवे झाले की अन्ननलिका भाजते. कायमची ढाल म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी. ती गादीखाली चारही बाजूंनी खोचायची. नुसती जमिनीपर्यंत सोडलेली मच्छरदाणी खालून उघडीच असते. साधारण वीस धुण्यांनंतर किंवा तीन वर्षांनी बदलायची.

पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण लसीचे पिवळे प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर आणि ठरावीक वारीच मिळते, म्हणून दोन महिने आधी चौकशी करावी. प्रमाणपत्र नसेल तर परत येतानाही आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. विषमज्वर, कावीळ अ आणि ब, धनुर्वात आणि रेबीजपूर्व लस याच काळात उरकाव्यात. दात तपासून घ्यावेत. खेड्यातल्या मिशनपासून दंतवैद्य शंभर-दोनशे किलोमीटरवर असू शकतो. चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरचा कागद सोबत हवा.

वसईची मुले विहिरीत आणि बावखलात पोहत वाढलेली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर राहायला गेल्यावर पाणी पाहून त्यांना राहवत नाही. त्या पाण्यात गोगलगायींमधून पसरणारा ‘किचोचो’ म्हणजे शिस्टोसोमियासिस असतो. कृमी अखंड कातडीतून शिरतात, त्या वेळी काही कळत नाही, कित्येक आठवड्यांनी ताप येतो किंवा शौचातून वा लघवीतून रक्त दिसते. काठावरच्या लव्हाळ्यांजवळ पाय बुडवणेही नको. चुकून पाण्यात उतरावेच लागले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत कळले तर प्राझिक्वान्टेलने हा आजार बरा होतो. अनवाणी चालण्याचीही सवय सोडावी लागते. धुळीतला ‘फुन्झा’ नावाचा किडा पायाच्या नखाखाली घर करतो, आणि नखाने खाजवत बसले की पू होतो.

कपडे बाहेर वाळत घातले असतील तर इस्त्री केल्याशिवाय अंगात घालू नयेत, आतले तर नाहीच. ओलसर कपड्यावर एक माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळू येते. कोळशाच्या इस्त्रीने शिवणींवरून, इलास्टिकवरून, दोन्ही बाजूंनी गरम हात फिरवायचा. नवे लोक याला सुपिरिअरांचे छांदिष्टपण समजतात. पहिले गळू आले की समजूत बदलते.

आफ्रिका म्हणजे उकाडा, ही आणखी एक समजूत. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही उंच. जून-जुलैत सकाळी दात वाजतात. टांझानियाच्या दक्षिणेकडे न्जोम्बेला तर याहून थंडी. नुसते सुती झगे आणि पांढरे कपडे घेऊन गेलेली मुले तिथे जुन्या बाजारात स्वेटर शोधत फिरतात. दोन चांगले स्वेटर, एक जाड पांघरूण, घोट्यापर्यंत झाकणारे रबरी बूट. विजेची प्लग चौकोनी तीन पिनांची असते, आपली बसत नाही. डोक्याला बांधायचा दिवा सगळ्यात उपयोगी. एका हातात मच्छरदाणी आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून काहीच करता येत नाही.

जेवणाचे फार वाढवायला नको. रोजचा उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, भाकरीसाठी तांदळाची काढतो तशी. एक लिटर पाण्याला सुमारे अर्धा किलो पीठ. आधी थोडे पीठ घालून पातळ कांजी उकळू द्यायची, मग उरलेले घालून लाकडी उलथन्याने भांड्याच्या कडेला दाबत दहा मिनिटे घोटायची. लवकर उतरवली तर पीठ कच्चे राहते आणि पोट फुगते. नव्या मंडळींच्या पोटाच्या काही तक्रारी यातूनही येतात. उजव्या हाताने गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. ‘म्चिचा’ ही आपली माठाची भाजी. ‘डागा’ हे सुके बारीक मासे आपल्या सुकटीच्या कुळातले, कांदा-टोमॅटोवर परतले की वसईकराला घर आठवते. लोणच्याची एक बाटली न्यावी, पण ती कम्युनिटीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मिशनरींच्या, टेबलावर ठेवावी. खोलीत लपवलेल्या बाटलीवरून पोलिश, काँगोली आणि व्हिएतनामी सहकाऱ्यांत जी अढी बसते ती निघता निघत नाही.

तिथला पॅरिश आपल्यासारखा चालत नाही. एका ‘पारोकिया’खाली दहा-पंधरा ‘विगांगो’, म्हणजे लांबलांबची उपकेंद्रे. फादर तिथे महिन्यातून एकदा पोहोचतात, पावसाळ्यात तेही नाही. रोजची प्रार्थना, मुलांची शिकवण, मयतीची सोय, भांडणांचा निवाडा हे सगळे कॅटेकिस्ट पाहतो, आणि दर आठवड्याला घरोघरी ‘जुमुइया’ म्हणजे दहा-पंधरा कुटुंबांचा छोटा समूह जमतो. नव्या फादरने पहिले वर्ष त्या कॅटेकिस्टच्या मागे मोटारसायकलवर बसून काढावे आणि जुमुइयात शेवटच्या बाकावर बसावे. मिस्सा दोन-अडीच तास चालते. ढोल असतात, नाच असतो, अर्पणात कोंबडी येते, मक्याची पोती येतात. घड्याळ पाहणारा फादर लोकांच्या लगेच लक्षात येतो. मोटारसायकल मात्र इथूनच शिकून जावी. गिअरची, स्कूटर नव्हे. सिस्टरांनीही. चिखलाच्या लाल वाटेवर शिकायला गेलेल्यांचे पाय मोडतात.

पैशाबद्दल. महिन्याभरात कोणीतरी दाराशी येते: मुलाची शाळेची फी, आजारी आई, छपराचे पत्रे. गरज बहुधा खरी असते. तरीही नव्या माणसाने स्वतःच्या हाताने रोख देऊ नये. एकाला दिले की दुसऱ्याला नाकारण्याचे कारण उरत नाही आणि ‘हा देणारा, तो न देणारा’ अशी कम्युनिटीत फूट पडते. पॅरिशच्या मदत समितीकडे नाव द्यावे, फी थेट शाळेत भरावी, पावती घ्यावी. जानेवारी-फेब्रुवारीत शाळा उघडतात, तेव्हा मागण्या वाढतात. डिसेंबरातच समितीने रक्कम ठरवून ठेवावी. मोबाइलवरून पैसे पाठवणे तिथे अगदी सहज आहे; केनियात ही सोय २००७ पासून आहे. म्हणूनच स्वतःचा नंबर पैशासाठी सर्वांना देऊ नये. आणि इथून मित्रमंडळींनी गोळा केलेली रक्कम मुलाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवणे बंद करावे. जिथे हिशेब नाही तिथे संशय येतो, आणि तो धुऊन काढायला त्या मुलाजवळ भाषाही नसते.

कागदपत्रांत चालढकल नको. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बघू’ असे करणाऱ्या संस्था मुलाला बेकायदेशीर ठरवतात. केनियात धार्मिक कार्यासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो, टांझानियात ‘सी’ वर्गाचा निवास परवाना. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून, पदव्यांच्या मूळ प्रती, गुरुदीक्षेचा दाखला, सुपिरिअरांचे पत्र, सगळ्यांच्या तीन प्रती असाव्यात आणि एक संच घरी ठेवावा. दीर्घकाळासाठी देश सोडला की साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. हे बँकेत सांगायचे राहून जाते आणि सुट्टीवर आल्यावर खाते अडकते.

घरच्या आईवडिलांना दोन शब्द. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. आठवड्यातला एक वार ठरवा, तासभर मनसोक्त बोला, बाकी दिवस मुलाला तिथे राहू द्या. रोज व्हिडिओवर आपल्या घरचे जेवण, शेजारचे लग्न, आगेराचा, म्हणजे नव्या पिकाचा, सण दाखवत राहिलात तर त्याचे शरीर तिथे आणि मन इथे राहते. पहिले सहा-आठ आठवडे सगळे नवलाईचे जातात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तो उदास होतो, कमी बोलतो, चिडतो. त्या काळात ‘परत ये’ म्हणू नका आणि ‘धीर धर, देवाचे काम आहे’ असे म्हणून गप्पही करू नका. झोप येते का, जेवण जाते का, आज कोणाशी बोललास, इतके विचारा. झोप आणि जेवण दोन्ही पंधरा दिवस बिघडलेली असतील तर सुपिरिअरना सांगून डॉक्टर गाठायला हवा. घरात कोणी अत्यवस्थ झाले तर कोणासाठी यायचे, तिकिटाचे पैसे कोण देणार, निर्णय कोणी करायचा, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांनी सही करा. ऐन वेळी, रात्री दोन वाजता फोनवर, हे ठरत नाही, आणि त्यावरून धरलेला अबोला वर्षानुवर्षे राहतो.

शेवटची सूचना आमच्या सर्व डॉक्टरांना आणि घरच्यांनाही. पहिल्या सुट्टीवर मुलगा घरी येतो, आठवड्यात ताप येतो. हवापालट झाला, साथ चालू आहे, असे म्हणून गोळ्या दिल्या जातात. पूर्व आफ्रिकेतून आल्यानंतरच्या तीन महिन्यांत आलेला कोणताही ताप हा मलेरिया समजूनच तपासावा. दवाखान्यात शिरताच, नाव सांगण्याच्याही आधी, ‘आफ्रिकेहून आलो आहे’ असे सांगावे आणि रक्ताचा अहवाल त्याच दिवशी मागावा.

आपले,
पूर्व आफ्रिकेतील मिशनसेवेतून परतलेले काही धर्मगुरू व धर्मभगिनी,
वसई